टोस्टमास्टर्सच्या मिटिंगला पाहुणा म्हणून गेलं तर नेमकं काय होतं? बोलायला लावतात का?

शेवटचा_बाक

नमस्कार मंडळी. मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, मूळचा लातूरकडचा. रोज सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी लाईनवरच्या पोरांना गोळा करून मीच बोलतो, काल कुठल्या पार्टला किती रिजेक्शन आलं, कुठल्या गेजचं कॅलिब्रेशन संपत आलंय, सगळं धडाधड, तिथं काहीच अडत नाही. पण तीच गोष्ट कस्टमर ऑडिटच्या वेळी कॉन्फरन्स रूममध्ये प्रोजेक्टरपुढं उभं राहून इंग्रजीत सांगायची म्हटलं की घशाला कोरड पडते, मग आपलं स्लाईडवर आहे ते वाचून दाखवायचं आणि खाली बसायचं. आता प्लँट हेड म्हणालेत की पुढच्या ऑडिटला ८डी चं (म्हणजे खराब मालाचं मूळ कारण आणि त्यावरचा उपाय आठ पायऱ्यांत मांडायचा रिपोर्ट) प्रेझेंटेशन तुम्हीच करायचं.

डिझाईनमधली एक मॅडम टोस्टमास्टर्सला जातात (लोकांपुढं बोलायचा सराव करायचे क्लब असतात ते), त्या म्हणाल्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला या, पाहुण्यांना पैसे नाहीत. पण मला अंदाजच येईना. यूट्यूबवर एक व्हिडिओ बघितला त्यात जो तो उठतोय, हात मिळवतोय, टाळ्या वाजवतोय, मला तर ते चेन मार्केटिंगच्या सेमिनारसारखं वाटलं (एकदा मित्राने "बिझनेस ऑपॉर्च्युनिटी" म्हणून नेलं होतं, तेव्हापासून टाळ्यांचा धसकाच घेतलाय).

तर प्रश्न असे की पहिल्याच दिवशी उभं करून बोलायला लावतात का, मराठी चालतं का, फी किती, आणि खरंच काही फरक पडतो का. कोणी जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा.

हिरवं_कार्ड

आधी चेन मार्केटिंगचं मिटवून टाकतो कारण हाच प्रश्न माझ्या सासऱ्यांनीही विचारला होता. तसलं काही नाही. माणूस जोडला म्हणून कोणाला कमिशन नाही, क्लबचा अध्यक्ष, सेक्रेटरी, ट्रेझरर हे सगळे मेंबरच असतात आणि बिनपगारी राबतात. संस्था शंभर वर्षांची आहे, राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी २२ ऑक्टोबर १९२४ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी वायएमसीएमध्ये पहिली मिटिंग घेतली, तिथून हे जगभर पसरलं. (तेव्हा फक्त पुरुषांसाठी बरं का, बायकांना अधिकृतपणे मेंबर व्हायला १९७३ उजाडलं.)

आता संध्याकाळ कशी असते ते सांगतो. तुम्ही गेलात की दारातच कोणीतरी हसून नाव विचारेल, वहीत लिहून घेईल, एक अजेंडा हातात देईल किंवा व्हॉट्सॲपवर पाठवेल. त्यावर मिनिटामिनिटाचा हिशोब असतो. मिटिंग सुरू करून देणाऱ्याला सार्जंट ॲट आर्म्स म्हणतात, नाव ऐकून दचकू नका, खुर्च्या लावणारा आणि मोबाईल सायलेंट करा असं सांगणारा माणूस आहे तो. मग अध्यक्ष दोन शब्द बोलतात आणि त्या दिवसाच्या सूत्रसंचालकाच्या हाती व्यासपीठ देतात. ते हात मिळवणं जे तुम्ही व्हिडिओत बघितलं ते इथलं, एकाने दुसऱ्याच्या ताब्यात स्टेज दिल्याशिवाय जायचं नाही, स्टेज मोकळं सोडायचं नाही असा रिवाज आहे. पहिल्यांदा बघताना जरा नाटकी वाटतं, नंतर सवय होते.

मग टाईमर उठतो आणि हिरवं, पिवळं, लाल अशी तीन कार्डं दाखवून नियम सांगतो. अ‍ॅ-काउंटर सांगतो की कोण किती वेळा "अं", "सो", "यू नो", "बेसिकली" म्हणतंय ते मी मोजणार. ग्रामेरियन दिवसाचा एक शब्द देतो, तो बोलताना वापरायचा, आणि कोणी काय छान वाक्य टाकलं, कुठं व्याकरण घसरलं ते तो टिपून ठेवतो.

त्यानंतर तयार करून आणलेली भाषणं, साधारण दोन किंवा तीन. नेहमीचं भाषण ५ ते ७ मिनिटांचं. पाचव्या मिनिटाला हिरवं, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल, आणि पुढे ३० सेकंदांची सूट. त्याच्याही पुढे गेलात तर कोणी खाली ओढत नाही पण त्या दिवशीच्या बेस्ट स्पीकरच्या मतदानातून बाद. नवीन मेंबरचं पहिलं भाषण म्हणजे आईसब्रेकर, ते ४ ते ६ मिनिटांचं, विषय स्वतःच, म्हणजे तयारीला पुस्तकं चाळायला नकोत.

मग टेबल टॉपिक्स. तुम्ही ज्याला घाबरताय ते हेच. आयत्या वेळी प्रश्न मिळतो आणि १ ते २ मिनिटं बोलायचं. मागच्या वेळी आमच्याकडे प्रश्न होता की तुमच्या घरातली एक वस्तू उद्यापासून बोलायला लागली तर कुठली बोललेली तुम्हाला परवडणार नाही. एकजण म्हणाला फ्रीज, आणि दोन मिनिटं त्याने रात्री अकरा ते एक मधला स्वतःचा सगळा कारभार फ्रीजच्या तोंडून सांगितला, लोक हसून हसून बेजार. पाहुण्यांना विचारतात, "बोलायला आवडेल का?" असं. नाही म्हटलं तर नाही. कोणी आग्रह करत नाही, केला तर तुम्ही हसून "आज फक्त ऐकायला आलोय" म्हणा, विषय संपला.

शेवटी मूल्यमापन (म्हणजे तयार भाषणावर दुसऱ्या मेंबरने उठून अभिप्राय द्यायचा), रिपोर्ट, मतदान आणि फोटो. फोटो चुकत नाही. आठ-साडेआठपर्यंत मोकळे.

फीचं म्हणाल तर मूळ संस्थेची सहा महिन्यांची वर्गणी २०२३ च्या ऑक्टोबरपासून ६० डॉलर झाली, आधी ४५ होती. वर नवीन मेंबरला एकदाच २० डॉलर. हॉलचं भाडं असेल तर काही क्लब थोडे वेगळे घेतात. रिन्यूअल एप्रिल आणि ऑक्टोबरला येतं, म्हणून मधेच जॉईन होत असाल तर किती महिन्यांचे पैसे भरायचे ते तिथंच विचारून घ्या. तुमच्या कंपनीचा स्वतःचा क्लब असेल तर बऱ्याच ठिकाणी वर्गणीचा काही भाग कंपनी भरते, एचआरला विचारून बघा, विचारायला काय जातंय.

चहाबाज

मी जरा उलट बोलतो, राग मानू नका. मला हा प्रकार फार गोग्गोड वाटतो. माणूस काहीही बोलो, टाळ्या. अडखळला, टाळ्या. वेळेआधी संपवलं, टाळ्या. आणि वर "यू ओन्ड द स्टेज" असले शेरे. अहो आमच्या शाळेत १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथीचं भाषण करायचो तेव्हा "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" पासून शेंगांच्या टरफलांपर्यंत पोचेस्तोवर पाय लटलटायचे, समोर अख्खी शाळा मातीत बसलेली, मागून कोणीतरी आवाज काढणार, आणि खाली उतरल्यावर सर म्हणायचे, "पाठांतर बरं, पण बोलतोस कसला, वाचतोयस." यात शिकलो की नाही? आणि चांगलं बोलणं ऐकायचं असेल तर पुण्यात न्या. रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून भरते, तिथं उन्हाळ्यात जाऊन बसा, कान तयार होतात. डॉलरमध्ये वर्गणी भरून "अं" मोजून घ्यायची हौस मला तरी नाही.

सुईदोरा_नाशिक

चहाबाज दादा, तुमच्या सरांच्या त्या एका वाक्याने तुम्ही शिकलात हे खरं, पण त्याच वर्गातली किती पोरं त्या असल्याच वाक्याने कायमची गप्प झाली तेही मोजा. मी त्यातलीच. नववीत वक्तृत्व स्पर्धेत मधेच विसरले, पुढच्या रांगेतले परीक्षक मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहीत राहिले, त्यानंतर मी हळदीकुंकवाला उखाणा घ्यायचा म्हटलं तरी पुटपुटायचे. आता वय ४६, शिवणक्लास चालवते, आणि इकडे क्लबला जाते. आमच्या क्लबात मराठी आणि इंग्रजी दोन्ही चालतं. सगळीकडे असं नसतं, बहुतेक क्लब इंग्रजीच, पण मराठीवाले आणि दोन्ही भाषांचे पण आहेत, संस्थेच्या वेबसाईटवर शोधताना भाषा निवडता येते.

मूळ प्रश्नाबद्दल. दादा तुम्ही पहिल्या दिवशी नुसतं बसा. नंतर जॉईन झालात तर आधी भाषण मागू नका, टाईमर मागा. टाईमरला बोलायचं फार थोडं असतं, सुरुवातीला नियम आणि शेवटी कोणी किती वेळ घेतला ते वाचून दाखवायचं, पण उभं राहावं लागतं, सगळे बघतात, आणि हातात कार्डं आणि कागद असल्यामुळे हातांचं काय करायचं हा प्रश्न सुटतो. माझं निम्मं भ्या हातांचंच होतं! पदराशी चाळा करायचे.

दुसरी गंमत म्हणजे टाईमर झालं की तुमचं लक्ष घड्याळावर राहतं आणि मग कळतं की बोलणाऱ्याला एक मिनिट किती लांब वाटतं आणि ऐकणाऱ्याला किती आखूड, किंवा उलट. माझ्या "म्हणजे"चा आकडा पहिल्यांदा सगळ्यांसमोर वाचला तेव्हा मी मनातल्या मनात भांडले त्या मुलाशी. घरी गेल्यावर नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "म्हणजे, कमीच सांगितला त्याने." आता शिकवताना पण जाणवतं, "म्हणजे इथं कट मारायचा म्हणजे", मग मधेच थांबते.

टिपणवही

चहाबाज यांचा मुद्दा मी निम्मा मान्य करतो. टाळ्या वाजवणारे क्लब आहेतच. म्हणून शेवटचा_बाक, मी तुम्हाला एकच सांगीन, पाहुणे म्हणून जाल तेव्हा भाषणं कशी झाली याकडे फार लक्ष देऊ नका, चांगला बोलणारा एखादा कुठंही असतो. मूल्यमापन कसं करतात ते कान देऊन ऐका. क्लब जिवंत आहे की नुसता फोटोपुरता उरलाय ते त्या २-३ मिनिटांत समजतं.

म्हणजे काय ते उदाहरणच देतो. आमच्याकडे एका निवृत्त बँकवाल्या काकांचं भाषण होतं, विषय एसटीचा प्रवास. नोकरी लागली तेव्हा पहिल्या पोस्टिंगच्या गावी निघालेले, गाडी फुल्ल, शेवटच्या सीटवर ट्रंक मांडीवर घेऊन बसलेले, आई खाली खिडकीशी उभी. काकांनी काय केलं, आधी चार मिनिटं एसटीचं महत्त्व, ग्रामीण महाराष्ट्राची जीवनवाहिनी वगैरे वगैरे, आणि मग घाईघाईत गोष्ट, तोवर पिवळं कार्ड आलं, मग ते गडबडले आणि "वेळेअभावी थांबतो" म्हणून बसले. एखाद्या ढिल्या क्लबात मूल्यमापक उठून म्हणाला असता, काका काय विषय, काय आवाज, मजा आली, थोडा आय कॉन्टॅक्ट वाढवा. झालं. काकांच्या पदरात काय पडलं? काही नाही.

आमच्याकडे जी मुलगी उठली ती पंचवीस-सव्वीसची, लॉ करतेय. तिने काय सांगितलं बघा. काका, तुम्ही "आई खिडकीच्या गजाला धरून चालत होती" म्हणालात तेव्हा खोलीतली चुळबूळ थांबली, मी मागे वळून बघितलं. ती जागा चौथ्या मिनिटानंतर आली. पुढच्या वेळी कंडक्टरने डबल बेल मारली तिथूनच सुरू करा, जीवनवाहिनी आम्हाला आपोआप कळेल. आणि तुम्ही सगळा वेळ डावीकडच्या पंख्याशी बोललात, उजवीकडच्यांना तुमचा फक्त कान दिसला. खिडकीतली आई उजवीकडे बसवा, मग तुम्हाला तिकडे बघावंच लागेल.

हे शेवटचं मला फार आवडलं. "आय कॉन्टॅक्ट वाढवा" हे कोणीही सांगतं, ती आई उजवीकडे बसवायची हे सांगायला भाषण नीट ऐकावं लागतं. काकांनी पुढच्या महिन्यात तेच भाषण परत केलं, डबल बेलपासून. पहिल्या वाक्यालाच लोक गप्प.

तर गुरुवारी हे बघा. मूल्यमापक नेमकं वाक्य, नेमकी जागा सांगतोय का? की नुसतं छान छान? सुधारणा सांगताना "असं करा" सांगतोय का, की "हे चुकलं" एवढंच म्हणून बसतोय? आणि ज्याचं मूल्यमापन चाललंय तो लिहून घेतोय का? शेवटचं फार सांगून जातं. दोन-तीन क्लब बघा, पाहुण्याला सहसा पैसे नसतात, मग ठरवा.

शेवटचा_बाक

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. एक राहिलं. माझा चुलतभाऊ बोलताना अडखळतो, म्हणजे लहानपणापासून, शब्द अडकतो त्याचा. तो म्हणतोय मी पण येतो. त्याचे पण "अं" मोजणार का? त्याला वाईट वाटू नये एवढंच.

आणि टिपणवही साहेब, ८डी ला हे कसं लावायचं? तिथं आई नाही हो, पोरॉसिटी (आत बारीक भोकं) आलेलं कास्टिंग आहे.

हिरवं_कार्ड

भावाला घेऊन जा बिनधास्त. फक्त जायच्या आधी त्या मॅडमना सांगून ठेवा, त्या क्लबातल्यांच्या कानावर घालतील. शब्द अडकणं आणि सवयीने "सो" "लाईक" टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि समजूतदार अ‍ॅ-काउंटर अडखळणं मोजत नाही. कोणी मोजलंच तर तो क्लब सोडा. २०१५ ला यांची जी जागतिक वक्तृत्व स्पर्धा झाली ती सौदी अरेबियाच्या मोहम्मद कहतानी यांनी जिंकली, ते लहानपणी तोतरे बोलायचे, भाषण यूट्यूबवर आहे, भावाला दाखवा. पण एक सांगतो, क्लब म्हणजे स्पीच थेरपी नव्हे. तिथं बोलायची भीती कमी होईल, अडखळण्यावर उपचार हवा असेल तर स्पीच थेरपिस्टकडेच जायला हवं. दोन्ही एकदम चालू ठेवणारे लोक आहेत.

टिपणवही

हाहा, कास्टिंग चालेल की. ऑडिटर पण माणूसच आहे. तुम्ही आत्ता कुठून सुरू करता? डी१ टीममध्ये कोण कोण, डी२ प्रॉब्लेमची व्याख्या, असं एकेक स्लाईड वाचत. ऑडिटरने तो फॉरमॅट हजारदा बघितलाय. त्याऐवजी खराब पार्ट कापून आणा, टेबलावर ठेवा, आणि म्हणा की हा तुमच्या लाईनवर मशीनिंगनंतर सापडला, आमच्याकडे का सापडला नाही ते सांगतो. बस. स्लाईड मागे राहू द्या, तो वाचेल. मग कंटेनमेंटला, म्हणजे खराब माल पुढं जाऊ नये म्हणून लगेच काय केलं, मूळ कारण कसं शोधलं, हे तुम्ही सकाळी पोरांना सांगता तसंच सांगा, फक्त इंग्रजीत. वाक्यं लहान ठेवा. "वुई फाऊंड धिस. वुई चेक्ड स्टॉक. वुई स्टॉप्ड डिस्पॅच." यात व्याकरण घसरायला जागाच कुठं आहे.

पार्ट हातात असला की हातांचं काय करायचं तोही प्रश्न मिटतो, सुईदोरा ताई म्हणाल्या तसं.

चहाबाज

ते डबल बेलचं वाचून मी थोडा नरमलो, कबूल. पण जीवनवाहिनीवाली चार मिनिटं ऐकावी लागली ना तुम्हाला आधी. ती ऐकायची तयारी नाही माझी, मी व्याख्यानमालाच बरा.

सुईदोरा_नाशिक

ऐकावी लागतात दादा, तुमची पण कोणीतरी ऐकणारच ना.

शेवटचा_बाक, अजून एक, मिटिंग संपताना पाहुण्यांना "कसं वाटलं" म्हणून विचारतात. ते टेबल टॉपिक नव्हे, बसल्या जागेवरून दोन वाक्यं बोलायची. मराठीत बोललात तरी कोणी काही म्हणत नाही. सगळे पाहुणे "इट वॉज ग्रेट" म्हणतात, तुम्ही ज्या कोणाचं भाषण लक्षात राहिलं त्याचं नाव घेऊन एक गोष्ट सांगा, तो माणूस नंतर स्वतःहून तुमच्याशी बोलायला येतो, ओळख होते, पुढच्या वेळी एकटं वाटत नाही. आणि चाकणवरून येताय तर पावणेपाचलाच निघा, संध्याकाळी त्या रोडला काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. टाईमर उशिरा येणाऱ्यांची वाट बघत नाही.

शेवटचा_बाक

शिफ्टच सव्वापाचला सुटते ताई. हाफ डे टाकतो.